दोन चौकोन पुढे

आई, तुझ्याशी भांडायचं राहून गेलं म्हणून लिहितेय. तू जाऊन एकोणीस वर्षं झाली. माणूस गेला की राग निवतो म्हणतात. माझा काही निवला नाही, उलट चांगला मुरला. परवाच मादागास्करहून परत आले आणि आत्ता भर दुपारी लीड्सच्या घरी तुझ्याच स्वयंपाकघरात बसलेय. घर मी विकलं नाही. त्यात प्रेमबिम काही शोधू नकोस. वर्षातले आठ-नऊ महिने मी जंगलात असते, उरलेल्या दिवसांत अंग टाकायला जागा लागते, एवढंच. जमिनीवर लिनोलियमही तेच आहे, हिरवे-पांढरे चौकोन, सिंकपाशी झिजून पांढऱ्याचे राखाडी झालेले. ते बदलून घे असं येणारा प्रत्येक जण सांगतो. मी हो म्हणते आणि विसरते.

सुरुवातीपासूनच बोलते, कारण तू मला कधी सुरुवातीपासून बोलू दिलं नाहीस. "झालं ते झालं, आता काय त्याचं," म्हणून उठायचीस. मी चार वर्षांची होते तेव्हा तू मला नाशिकला मावशीकडे ठेवलंस आणि इकडे आलीस. तुझ्या परीक्षा, मग नोकरी. बाबा आधीच एडिनबऱ्याच्या हॉस्पिटलात, पुढेही तिथेच. "सहा महिन्यांत नेते हं तुला," म्हणालीस, आणि त्या सहा महिन्यांची तीन वर्षं झाली. हो, माहीत आहे मला, तुमच्यातल्या कितीतरी डॉक्टरांनी हेच केलं. दिवाळीला मंडळाच्या हॉलमध्ये जमलात की तुम्ही ते गमती सांगितल्यासारखं सांगायचात. कुणी म्हणायचं, "आमचा तर दोन महिने मला आंटीच म्हणायचा!" आणि सगळे खो खो हसायचे. तूही हसायचीस. मी शेजारी चकली मोडत बसलेली असायचे आणि मनात म्हणायचे, हसा मेल्यांनो, हसा.

हीथ्रोवर मी एकटी उतरले, एअर होस्टेसचा हात धरून, गळ्यात कागदपत्रांचं प्लास्टिकचं पाकीट. समोर कोट घातलेली एक बाई उभी. ती तू. मला जवळ घेतलं नाहीस. पाकिटातला कागद काढलास, सही केलीस, पेन पर्समध्ये ठेवलंस. पोस्टमनकडून पार्सल घेतात तसं. लीड्सच्या ट्रेनमध्ये शेजारी बसलीस आणि सगळा वेळ खिडकीबाहेर पाहिलंस. मी तुझ्याकडे बघतेय आणि तू मेंढ्यांकडे बघतेयस. काय होतं गं एवढं त्या मेंढ्यांत?

मग मीही हट्टाला पेटले. शाळेत मिसशी बोलायचे, शेजारच्या म्हातारीशी मोडक्या इंग्रजीत बोलायचे, तुझ्याशी एक अक्षर नाही. म्हातारीने एकदा कुंपणावरून विचारलं, तुझी मम् काय करते? मी ठणकावून सांगितलं, "माय मदर इज इन नाशिक." तू तिथेच दोरीवर चादर वाळत घालत होतीस. चादरीला चिमटा लावलास आणि आत निघून गेलीस. एक थोबाडीत दिली असतीस ना, तर बरं वाटलं असतं मला. निदान माझ्याकडे बघून दिली असतीस.

त्या पहिल्या वर्षातली तुझी मला आठवते ती पाठ. मी इथे, या टेबलापाशी, रेडिएटरला टेकून बसलेली. तू हॉस्पिटलमधून येणार, वर जाऊन कपडे बदलणार, भाजी घेणार, आणि सिंकजवळची लाकडी खुर्ची ओढून माझ्याकडे पाठ करून बसणार. मेथी असायची, नाहीतर मटार, नाहीतर साधे तांदूळ. तास तास निवडत बसायचीस. तांदळात खडे तरी निघायचे का इथल्या? बोलणं काय, तर "दूध संपव" आणि "मोजे घाल". मला दुसरा उद्योग नव्हता म्हणून मी तुझ्या खुर्चीखालचे चौकोन मोजायचे. पहिल्या आठवड्यात खुर्ची सिंकपाशी. दहा-बारा दिवसांनी एक चौकोन अलीकडे. नाताळपर्यंत तीन चौकोन. मला वाटायचं, बाईला उजेड पुरत नसेल, दिव्याखाली सरकतेय. पण तोंड कायम सिंककडे. आजतागायत मला मेथीचा वास आला की कुणीतरी माझ्याकडे पाठ करून बसलंय असं वाटतं, आणि डोकं फिरतं.

सुट्टीत मला सांभाळायला कुणी नसायचं म्हणून तुझ्याबरोबर हॉस्पिटलात न्यायचीस. लहान मुलांच्या वॉर्डातल्या खेळायच्या खोलीत मला बसवायचीस आणि काचेतून मी तुला बघायचे. रडणारं पोर असलं की सगळ्या नर्सा त्याच्यापुढे खुळखुळे वाजवायच्या, नाचायच्या. तू मात्र त्याच्या कॉटशेजारी जमिनीवर बसायचीस, पाठ करून, आणि संत्रं सोलत राहायचीस. मला वाटायचं, हिला मुलंच आवडत नाहीत, ही मुलांची डॉक्टर झालीच कशाला. पण थोड्या वेळाने ते पोर गप्प व्हायचं, कॉटच्या गजांतून हात काढून तुझ्या केसांना हात लावायचं, आणि मग तू वळून त्याला उचलायचीस. गोरी पोरं, काळी पोरं, शेंबडी पोरं, सगळ्यांना उचललंस. मी काचेला नाक लावून बघत होते. माझी पाळी कधी येणार ते तेवढं कुणी सांगत नव्हतं.

पुढे आपण बोलायला लागलो, पण कामापुरतं. डॉक्टर होणार नाही, प्राणीशास्त्र घेणार, लेमूरवर काम करणार, असं सांगितलं तेव्हा तू याच सिंकपाशी कुकर घासत होतीस. "माकडं बघायला डिग्री लागते?" म्हणालीस. "वणीच्या गडावर फुकट दिसतात. हातातला प्रसादसुद्धा घेऊन जातात." मी ओरडले, "लेमूर म्हणजे माकड नव्हे!" "बरं, नव्हे," म्हणालीस आणि घासत राहिलीस. मी पहिल्यांदा मादागास्करला निघाले तेव्हा स्टेशनवर तू एक बुटकं घडीचं स्टूल हातात दिलंस. निरोपाचं वाक्य काय, तर "ओल्या जमिनीवर बसत जाऊ नकोस, मूळव्याध होते." लोकांच्या आया डोळे पुसतात. ते स्टूल मी परत आल्यावर रागारागाने माळ्यावर टाकलं ते कित्येक वर्षं उघडलं नाही. पाइल्स झाली नाही, हेही तुझ्या माहितीसाठी.

तू गेलीस तेव्हा स्मशानाच्या हॉलबाहेर तुझ्या वॉर्डातली जुनी सिस्टर भेटली. माझा हात धरून म्हणाली, "शी नेव्हर लुक्ड ॲट देम, यू नो. नॉट टिल दे वेअर रेडी." मी म्हटलं, "आय नो. शी नेव्हर लुक्ड ॲट मी आयदर." बिचारी चपापली. मला त्या वाक्याचा इतका अभिमान वाटला की मी ते नंतर चारचौघांत पुन्हा पुन्हा वापरलं. नवऱ्याला ऐकवलं, समुपदेशन करणाऱ्या बाईला ऐकवलं, आणि शेवटी माझ्या मुलीलाही ऐकवलं.

मुलगी आहे मला. तू पाहिली नाहीस. अकरा वर्षांची आहे, तुझ्यासारखं रुंद कपाळ, आणि माझ्याशी बोलत नाही. आता हसू नकोस. आमचा घटस्फोट झाला तेव्हा ती सात वर्षांची होती. ती तिच्या बाबांकडे क्रॉयडनला राहते, शाळा तिथेच, आणि मी जंगलात. "फक्त एक सीझन गं," म्हणाले होते मी तिला. कितवा सीझन चालू आहे ते तिला तोंडपाठ आहे. फोनवर "हाय", "फाइन", "बाय". गेल्या वर्षी मी भेटायला गेले तर ट्रॅमच्या स्टॉपवर माझ्यापासून तीन माणसं सोडून उभी राहिली.

माझं काम म्हणशील तर हल्ली दर ऑक्टोबरला हाफ टर्मची आठवड्याची सुट्टी आणि वर शाळेने दिलेले चार दिवस, एवढ्यासाठी लीड्सची दहा-बारा मुलं घेऊन जाते. या मुलांनी लेमूर पाहिलेला असतो तो टीव्हीवर नाचणारा. त्यांना खऱ्या जंगलात आणायचं, जळवा लावून घ्यायच्या, पहाटे उठवून डोंगर चढवायचा, आणि अर्धा डोंगर जाळून शेत केलेलं दाखवायचं. मग उरलेल्या जंगलात काळेपांढरे लेमूर शोधायचे. हे लेमूर फळं बियांसकट गिळतात. त्यांच्या लेंड्या गोळा करायच्या, ओढ्यावर चाळणीत धुवायच्या, बिया वेगळ्या काढून गावातल्या रोपवाटिकेत लावायच्या, म्हणजे जळक्या डोंगरावर पुन्हा तीच झाडं येतात. पहिल्या दिवशी सगळी पोरं "ईऽऽ" करतात, तिसऱ्या दिवशी माझ्या लेंडीत जास्त बिया की तुझ्या, यावरून मारामाऱ्या. या वर्षी बारा मुलांबरोबर तेरावी माझी होती. तिच्या बाबांनी जवळजवळ ढकलूनच पाठवली.

आमचा नियम एकच, तो मी विमानतळापासून घोकून घेते. कळप दिसला की पाठ करून बसायचं, हाताला काहीतरी काम द्यायचं, आणि बघायचं नाही. टक लावून बघितलं की त्यांना वाटतं आपली शिकार करायला आलेत. हात लावायचा नाही, खायला द्यायचं नाही, दहा पावलांच्या आत जायचं नाही. रोज एखादं पाऊल पुढे बसायचं. घाबरून पळाले, तर दुसऱ्या दिवशी पहिल्याहूनही लांब बसायचं आणि पुन्हा सुरुवात. अंतर किती ते त्यांनी ठरवायचं. वीस वर्षं मी हे शिकवतेय, आणि हे आपल्याला युनिव्हर्सिटीत शिकवलं असं मी समजत होते.

दुसऱ्या दिवशी दुर्बिणीतून पिल्लं दिसली. झाडाच्या बेचक्यात दोन, मुठीएवढी. हे लेमूर पोरांना पोटाशी घेऊन हिंडत नाहीत. आई पिल्लाला तोंडात धरून आणते, बेचक्यात ठेवते आणि खायला निघून जाते, तासन्‌तास. एका मुलाने विचारलं, "मिस, डझ इट नो शी इज कमिंग बॅक?" मी काहीतरी शास्त्रीय उत्तर जुळवत होते, तेवढ्यात मागून माझी मुलगी म्हणाली, "नो. इट जस्ट वेट्स." मी वळले आणि सरळ तिच्याकडे बघून म्हटलं, "असं नसतं गं बाळा, ती परत येतेच." झालं. चेहरा दगडासारखा करून ती वाट सोडून तरातरा उतारावर गेली. आमचा तिथला गाइड, पन्नाशीचा शांत माणूस, तिच्यामागे गेला आणि जाताना मला हाताने बस म्हणून खूण केली. मी बारा मुलांसमोर बसून राहिले.

त्यानंतर मी तिचा पिच्छा सोडला. सोडला म्हणजे काय, दुसरं काही सुचेना. रोज दुपारी ओढ्याकाठी तुझं ते स्टूल टाकायचे (आणलं होतं या वेळी, गुडघे दुखतात आता), तिच्याकडे पाठ करायची आणि चाळणीत लेंड्या धूत बसायचे. पहिल्या दिवशी ती वरच्या खडकावर. तिसऱ्या दिवशी खालच्या खडकावर. मी मान वर केली नाही. "पाणी पी" म्हटलं, "मोजे बदल" म्हटलं. आणि पाचव्या दिवशी चाळणीत बिया निवडता निवडता माझे हात थांबले. ही बोटं कुणाची आहेत, हे बसणं कुणाचं आहे, हे एकदम लक्षात आलं. सिंकची खुर्ची, मेथीची जुडी, कॉटशेजारचं संत्रं.

तुला वाटत असेल, मला भरून आलं. अजिबात नाही. मला तुझा असा काही संताप आला की चाळणी ओढ्यात फेकून द्यावीशी वाटली. म्हणजे मी पेशंट होते होय तुझी? घाबरलेलं पोर, बेड नंबर अमुक, पाठ करून बसा, तयार झालं की उचला? तीन वर्षं टाकून गेलीस त्याची माफी मागायची सोडून माझ्यावर वॉर्डातली युक्ती चालवलीस? बाई, तोंड होतं ना तुला! "चुकलं माझं," एवढे दोन शब्द म्हणायला कुठली परीक्षा द्यावी लागते? मी सात वर्षांची होते. मला काय कळणार की पाठ म्हणजे लाड! हे सगळं मी ओढ्यावर मनात तुला बडबडत होते, आणि पाठीमागे माझी पोर बसली होती, तिलाही मी काही सांगितलं नव्हतं.

शेवटच्या दुपारी ती माझ्या अगदी मागे येऊन बसली. तिचा श्वास ऐकू येत होता. मी चाळणी हलवत राहिले.

"आई."

"हं."

"तू मुद्दाम बघत नाही ना? यू आर डुइंग द लेमूर थिंग ऑन मी."

मी आणखी एक लेंडी चाळणीत टाकली.

"मी लेमूर नाहीये. यू आर अलाउड टू लुक."

मी वळले. मोज्यावर जळूचं रक्त, नाक वाहतंय, गालाला चिखल. मी म्हटलं, "चुकलं माझं. एक सीझन म्हणाले आणि परत आलेच नाही." ती म्हणाली, "आय नो." मी बघत राहिले. "ओके, स्टॉप इट नाऊ," म्हणाली, पण उठली नाही. मग तिने चाळणी ओढून घेतली आणि बिया मोजायला लागली. शुक्रवारी ती लीड्सला येणार आहे, एकटी, ट्रेनने, तिचं तिने ठरवून. मी पुढचा सीझन घेतलेला नाही. ऑफिसला कळवलंय, ते नाराज आहेत, असू देत.

बघ, अकरा वर्षांच्या पोरीने दोन वाक्यांत मोकळं केलं. मला ते सातव्या वर्षी जमलं नाही आणि तुला चाळिसाव्या वर्षी जमलं नाही. तुला माफ केलंय असं यातून काढू नकोस. हे पत्र कुठे टाकायचंही नाही, त्या स्टुलाच्या पिशवीत ठेवून देणार आहे. पण भांडण पुरं करायचं तर एक गोष्ट सांगायलाच हवी.

माझी आई कधी एकदाही वळली नाही, असं मी जन्मभर सांगत आले. ते खोटं आहे. त्या वर्षी, थंडी सरत आली होती, तुझी खुर्ची पार सहाव्या चौकोनात आलेली, माझ्यापासून हातभर. आणि तू वळलीस. हातात मेथीची काडी होती. माझ्याकडे नीट बघितलंस आणि "ये," म्हणालीस. एवढंच. मी दुधाचा पेला उडवून जी पळाले, ती वर बाथरूममध्ये जाऊन कडी लावून बसले. खाली तू फरशी पुसत होतीस ते ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर खुर्ची पुन्हा सिंकपाशी, पहिल्याच चौकोनात. "बघा, एवढ्यावरून कशी लांब गेली ती," हेही मी सगळ्यांना सांगत आले, फक्त एवढ्यावरून म्हणजे कशावरून ते सांगितलं नाही.

त्या दिवशी तू वर कपडे बदलत होतीस. खाली आलीस, मेथी घेतलीस, आणि खुर्चीपाशी जरा थबकलीस. मी रेडिएटरला टेकून खाली मान घालून बसले होते. मग तू तिथेच बसलीस, पाठ करून. खुर्ची दोन चौकोन पुढे होती. ती मी ठेवली होती, आई.